म्हैस काळी दिसली पाहिजे

आमचे मामेसासरे उद्या स्वर्गाच्या दाराशी जरी पोहोचले, तरी लगेच आत जायचे नाहीत. आधी दाराच्या बिजागऱ्या हलवून बघतील, चौकटीवर बोटाचं पेर ठोकून लाकूड कुठलं ते ठरवतील आणि मग द्वारपालाला विचारतील, "ह्यात आनखी काय दाखवताय?" जगात माणसं वस्तू विकत घेतात, वापरतात आणि मोडल्या की टाकून देतात. मामा वस्तूंची चौकशी करतात. चौकशी पुरी झाली तर वस्तू घरी येते, पण बहुधा त्याआधी ऋतू बदललेला असतो. एका वर्षी त्यांनी नवी छत्री बघायला सुरुवात केली. काड्या मोजून, कापड उन्हाकडे धरून, दांड्याची मूठ ओल्या हातात निसटते का ते बघून त्यांनी अखेर पसंती दिली, तेव्हा भवानीनगरात लोक कानटोप्या घालून शेकोटीला बसले होते. मामा मात्र छत्री घेऊन समाधानानं घरी आले आणि मामींना म्हणाले, "पुढच्या साली मज्जा बघ आता."

हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. त्यांची सगळी नोकरी भवानीनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. काळ्या कापडावर चिमूटभर साखर पसरायची, दाणा केवढा, रंग कसा, ते बघायचं आणि पोतं पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कारखान्यानं त्यांना शाल, श्रीफळ आणि निरोप दिला, पण तपासनीस काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. अजूनही कुणाकडे गेले की चहा येण्याआधी ते साखरेचा डबा मागतात. तळहातावर चार दाणे घेऊन खिडकीशी जातात आणि परत येऊन घरच्या बाईला सांगतात, "वैनी, दुकान बदला." नवीन माणूस यानं गोंधळतो. आम्ही जुने लोक मामा यायच्या आत डबा लपवतो.

वस्तूंच्या बाबतीत हे चाललं असतं, पण मामा माणसंही अशीच तपासतात. त्यांच्या लेकीला पिंपळीचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचं शिक्षण, जमीन, नोकरी वगैरे प्रश्न त्यांनी थोरल्या मंडळींवर सोपवले. स्वतः एका बाजाराच्या दिवशी मला बरोबर घेऊन, न सांगता मुलाच्या घरी जाऊन बसले आणि मुलाला म्हणाले, "पाव्हणं, जरा कोथिंबिरीची जुडी आणता का?" मुलगा बिचारा भांबावला, पण गेला. आला तेव्हा मामांनी जुडी सोडून काडी न् काडी बघितली. पिवळं पान नव्हतं, मुळांना माती नव्हती. मामा तिथल्या तिथं उठले आणि सोयरीक पक्की झाली म्हणून सांगून टाकलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "जो गडी कोथिंबीर निवडून आणतो, तो बायकूवर वरडत न्हाय." लेक खरोखरच सुखात आहे. त्यामुळे मामांच्या पद्धतीला नावं ठेवायची आमची सोय राहिलेली नाही.

मामींचा स्वभाव याच्या अगदी उलट. जगातल्या यच्चयावत गोष्टींवर त्यांचा एकच शेरा असतो, "बरं हाय." नवं लुगडं आणा, बरं हाय. भाजीत मीठ जास्त पडू द्या, बरं हाय. मामा छत्री घेऊन थंडीत घरी आले, तेव्हाही त्यांनी ती उघडून बघितली, मिटली, खुंटीला अडकवली आणि बरं हाय म्हणाल्या. दोघांचा संसार या दोन टोकांमुळेच तोलून राहिला असावा. टीव्हीसमोर दोघं बसले की मामांची अखंड टीका चालायची. "त्या बाईचं पातळ जांभळं हाय बघ, पर ह्यो टीव्ही निळं दाखवतोय. आता पोरगा आला मोटरसायकलवरनं. सासू खिडकीतनं बघतीया. तिच्या गालाला हिरवट झाक मारतीया, कलर गेलाय." मामी मांडीवर गवारीच्या शेंगा मोडत म्हणायच्या, "व्हय का," आणि मालिका पुढे सरकायची.

तो टीव्ही म्हणजे जुना, मागे भलीमोठी पाठ असलेला, स्वतःच्या लाकडी कपाटात राहणारा टीव्ही होता. त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर प्लॅस्टिकची फुलं असत. गेल्या उन्हाळ्यात त्यानं प्राण सोडायला सुरुवात केली. आधी चित्राचे रंग गेले, मग चित्र वरून-खालून दबत चाललं आणि एका संध्याकाळी पडद्याच्या मध्यावर नुसती एक पांढरी आडवी रेघ उरली. आवाज मात्र ठणठणीत होता. बातम्या देणारी बाई, पंतप्रधान, क्रिकेटचा सगळा संघ आणि मामींच्या मालिकेतलं अख्खं एकत्र कुटुंब त्या एका रेघेत राहायला गेलं. दुसरी कुणी बाई असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. मामी रोज संध्याकाळी त्या रेघेसमोर बसून सगळ्या मालिका ऐकत होत्या. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, "हिच्यासारखी समाधानी बाई तालुक्यात न्हाय. रेघंवर भागवती."

नवा टीव्ही घ्यायचा असं अखेर ठरलं, आणि मामांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चौकशी सुरू झाली. त्यांना वाटलं होतं की मोठा घ्यायचा का लहान, एवढाच प्रश्न असेल. पण बारामतीला ओळखीच्या रफिकभाईंच्या दुकानात गेले, तर तिथं एका भिंतीवर एलसीडी, एक क्यूएलईडी, एक मिनी एलईडी आणि कोपऱ्यात मानाच्या पाहुण्यासारखा वेगळा लावलेला एक ओएलईडी. मामा त्या दिवशी तसेच घरी परतले. मग त्यांनी मोबाइलवर या विषयाचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. मराठी संपले, हिंदी संपले, तेव्हा इंग्रजीकडे वळले. शब्द कळत नसले तरी माणूस खरं बोलतोय का ते चेहऱ्यावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं.

महिन्याभरानं मी सहज त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी मला अंगणातल्या लिंबाखाली बाजेवर बसवून या सगळ्या शास्त्राचा असा काही उलगडा केला, की मला आजवर कुणीच इतकं नीट सांगितलं नव्हतं. "साध्या टीव्हीत मागं एकच मोठी बत्ती असती," ते म्हणाले. "पुढं नुसत्या झडपा. झडप कितीबी गच लावा, फटीतनं उजेड येतोच. म्हणून काळं काय पुरतं काळं हुत न्हाय. क्यूएलईडी म्हंजी त्योच, पर मधी रंगाची पूड लावलेली, त्यानं रंग उठून दिसत्यात. मिनी एलईडीत मागं बारक्या बारक्या लय बत्त्या. जितं अंधार पायजे तितली बत्ती बंद. म्हंजी आपल्याकडं वस्तीवार लाइट जाती बगा, तसलं. आन् ओएलईडीत मागं बत्तीच न्हाय. परत्येक ठिपका आपापला दिवा घिऊन बसलाय. काळं पायजे तर त्यो सोताचा दिवा सोताच इझवतो." मग जरा थांबून, साखर तपासताना बोलत असत त्या आवाजात ते म्हणाले, "पाव्हणं, पांढरं कसं हाय ते कळायचं तर मागं काळं खरं लागतं. काळं खोटं आसलं की समदंच खोटं."

झालं, काळा रंग ही कसोटी ठरली. पण दुकानात जे नमुन्याचे व्हिडिओ लावतात, त्यांत परदेशातले पोपट, बर्फाचे डोंगर आणि कापलेली फळं असतात. ती मुळात कशी दिसतात हेच आपल्याला ठाऊक नसताना टीव्ही ती बरोबर दाखवतो का चूक हे कसं कळणार, हा मामांचा सवाल बिनतोड होता. तेव्हा ज्याचा काळेपणा आपण रोज डोळ्यांनी बघतो, अशी वस्तू हवी. मामांच्या घरामागे एका दूधवाल्याचा गोठा आहे. त्याची एक म्हैस काळेपणात पंचक्रोशीत अव्वल होती. मामांनी त्याला सांगितलं की दिवस मावळताना तुझ्या म्हशीचं मोबाइलवर शूटिंग करायचं आहे, टीव्हीसाठी. दूधवाल्यानं त्यातला 'टीव्हीसाठी' एवढाच शब्द ऐकला. संध्याकाळी मामा गोठ्यात गेले, तर म्हशीला साबण लावून न्हाऊ घातलं होतं, शिंगांना तेल चोपडलं होतं, गळ्यात कवड्यांची माळ होती आणि दूधवाला स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून तिचं दावं धरून उभा होता. शेजारच्या चार बायका बघायला आल्या होत्या. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "आरं, तेलानं चकाकी आली तिला. मला मूळ काळं पायजे." दूधवाला हिरमुसला. दोन दिवसांनी, म्हैस पुन्हा धुळीत लोळून आपल्या मूळ पदावर आली, तेव्हा खरं चित्रीकरण झालं आणि ते पेन ड्राइव्हमध्ये भरून द्यायची कामगिरी माझ्याकडे आली.

रफिकभाईंच्या दुकानात त्या दिवशी जे घडलं, ते बारामतीत अजून सांगितलं जातं. भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर एकाच वेळी मामांची म्हैस प्रकटली. मोठमोठ्या पडद्यांवर ती रवंथ करत होती, कान हलवत होती आणि मधूनच थेट गिऱ्हाइकांकडे बघत होती. रस्त्यावरची माणसं आत आली. मामा हात मागे बांधून एकेका पडद्यापुढून असे चालले होते, जणू जनावरांच्या प्रदर्शनाचे पंच आहेत. साध्या टीव्हीपुढे थांबून म्हणाले, "ह्यात म्हस म्हातारी झाली. राखाडी पडली." मिनी एलईडीपुढे जास्त वेळ थांबले. तिथं म्हैस काळी होती खरी, पण तिच्या मागचं आभाळ उजळ असल्यानं तिच्या पाठीच्या कडेनं एक अंधूक पांढरी झळाळी दिसत होती. "ह्यात तिला देवागत तेज आलंय," मामा म्हणाले. "फोटू लावून उदबत्ती ओवाळायला बरी. पर म्हस म्हणून न्हाय." मग ओएलईडीपाशी गेले आणि पडद्याला नाक टेकेल इतके पुढे वाकले. तिथं म्हैस इतकी काळी होती की तिच्यात हात बुडेल. रफिकभाईंना वाटलं, आता सौदा झाला. त्यांनी चहा मागवला. मामांनी चहा घेतला, बशीतली साखर तपासली आणि विचार करून सांगतो म्हणाले.

तेव्हापासून विचार चालू झाला तो चालूच राहिला. मामा आठवड्यातून एकदा तरी एसटीनं बारामतीला यायचे, रफिकभाईंकडे बसायचे, म्हैस बघायचे आणि परत जायचे. बसल्या बसल्या येणाऱ्या गिऱ्हाइकांना मामा समजावूनही सांगायचे. काहींनी त्यांना दुकानाचा माणूस समजून टीव्ही घेतला. पणदऱ्याचं एक कुटुंब मात्र वास्तुशांतीसाठी टीव्ही घ्यायला आलं, मामांच्या तोंडून झडपा, बत्त्या आणि वस्तीवार अंधार हे सगळं ऐकून घेतलं आणि घाबरून फ्रिज घेऊन गेलं. रफिकभाई भला माणूस. एकदा ते मला इतकंच म्हणाले, "मामांनी टीव्ही न्हाय घेतला तरी चालंल. पर येनं बंद करू नका म्हनावं, करमत न्हाय."

विचार संपत नव्हता याला कारण होतं. मामांचा जीव ओएलईडीवर जडला होता, पण त्याच्याविषयी दोन शंका त्यांना छळत होत्या. एक म्हणजे घराची बैठक पश्चिमेकडे उघडते, तेव्हा उन्हात त्या पडद्यावर चित्र दिसेल का स्वतःचंच तोंड दिसेल. याची परीक्षा घ्यायला त्यांनी कपाटाच्या दाराचा आरसा काढून टीव्हीच्या जागी भिंतीला टांगला आणि दिवसभर वेगवेगळ्या वेळी त्याच्यासमोर बसून राहिले. त्या दिवसांत जो कुणी भेटायला यायचा तो बोलणं सोडून आधी केस नीट करायचा. दुसरी शंका जास्त गंभीर. ओएलईडीवर एकच चित्र फार काळ राहिलं तर त्याचा डाग पडतो, असं त्यांनी ऐकलं होतं. मामींचा चॅनल एक, त्याची खूणही कायम एकाच कोपऱ्यात. मामांनी त्यांना समजावलं की दर थोड्या वेळानं चॅनल बदलावा लागेल, मालिका संपली की पडदा थोडा थंड होऊ द्यावा लागेल आणि बातम्यांची खालची पट्टी फार वेळ चालू ठेवायची नाही. मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "टीव्ही आणताय का सासू आणताय?"

दिवाळीला लेक माहेरी आली तेव्हा बैठकीत आरसाच होता. भाऊबीज झाल्यावर तिनं मला फोन केला. बापाशी बोलून उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं. तिचं म्हणणं साधं होतं. टीव्ही बघणार आई, तर आईलाच दुकानात न्या, ती बोट दाखवेल तो घ्या. मला ते पटलं. मी रविवारी गाडी घेऊन भवानीनगरला गेलो. मामा आढेवेढे घेतील असं वाटलं होतं, पण ते खूश झाले. एवढे दिवस एकट्यानं केलेलं संशोधन मामींना दाखवायला मिळणार म्हणून त्यांनी शर्टाला इस्त्रीसुद्धा केली होती.

रफिकभाईंनी मामींना मानानं खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मामांनी ओएलईडी आणि मिनी एलईडी, दोन्हींवर म्हैस लावली आणि काही न शिकवता, अगदी निःपक्षपातीपणानं मामींना विचारलं, "बघ. दोनीतली कुठली चांगली दिसती?"

मामींनी पदर सावरला. दोन्ही पडद्यांकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "दोनी बी बऱ्या हायत. पर गाय कुणाची म्हणायची ही?"

आम्ही सगळे हसलो. रफिकभाई हसले, दुकानातला नोकर हसला, मीही हसलो. मामा तर मांडीवर थाप मारून हसले आणि हसता हसता एकदम थांबले. ते मामींच्या जवळ गेले. "अगं, म्हस हाय ती," म्हणाले. मामी म्हणाल्या, "व्हय, म्हसच की. म्हसच म्हणाले मी." मामांनी रफिकभाईंना बातम्या लावायला सांगितल्या आणि खालच्या पट्टीवरची ठळक अक्षरं मामींना वाचायला सांगितली. मामी म्हणाल्या, चष्मा घरी राहिला. मामींना चष्मा कधी लागलाच नव्हता. तेव्हा मामांनी आपला तळहात आधी त्यांच्या एका डोळ्यावर ठेवला, मग दुसऱ्यावर, आणि दर वेळी खालच्या आवाजात काय दिसतं ते विचारलं. मामी आधी उडवाउडवी करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जरा धुकं हाय. थंडीचं असतंच की."

मामांनी रिमोट घेऊन स्वतः एक एक टीव्ही बंद केला. "रफिकभाई, राहू द्या," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ओळखीतल्या एका नेत्रतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी खास वेळ दिला. त्यांनी तपासून सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात तर पुरता पिकलेला आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही, ऑपरेशन केलं की स्वच्छ दिसेल. मामांनी एरवी डॉक्टरला यंत्र कुठल्या कंपनीचं ते विचारलं असतं. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. परतीच्या रस्त्यावर गळीत हंगामाची गर्दी होती. उसानं भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे आम्ही सावकाश चाललो होतो. बऱ्याच वेळानं मामांनी मागं न वळता विचारलं, "कवाधरनं दिसंना तुला?"

"दिसत हुतं की," मागून मामी म्हणाल्या. "तुमी सांगायचा, मी बघायची."

मामा पुढच्या ट्रॉलीकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला कळत होतं. ती आडवी पांढरी रेघ, तिच्यासमोर तक्रार न करता बसलेल्या मामी आणि स्वतः सगळ्या गावाला सांगितलेलं ते समाधानाचं कौतुक. जावयानं बोलावं असं तिथं काही नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलं. डोळ्यात जे नवं भिंग बसवायचं, त्याचे प्रकार असतात, हे त्यांनी समजावलं. एका प्रकारात दूरचं अगदी स्वच्छ दिसतं, जवळचं वाचायला चष्मा लागतो. दुसऱ्या प्रकारात दूरचं आणि जवळचं दोन्ही बऱ्यापैकी दिसतं, पण रात्री दिव्यांभोवती थोडी वलयं दिसू शकतात. प्रकार, त्यांचे गुणदोष आणि वर उजेडाभोवतीची वलयं, म्हणजे मामांना पुढचं सबंध वर्ष पुरेल एवढं साहित्य होतं. मी मनातल्या मनात मोबाइलवरचे इंग्रजी व्हिडिओ आणि तालुक्यातले सगळे ऑपरेशन झालेले म्हातारे मोजायला लागलो. मामा मात्र खुर्ची वळवून मामींसमोर बसले आणि त्यांना विचारलं, "तुला काय बघायचंय?"

मला वाटतं, हा प्रश्न मामींना उभ्या जन्मात कुणी विचारला नसावा. त्या गोंधळून डॉक्टरीणबाईंकडे बघायला लागल्या. मामा थांबून राहिले. मग मामी हळूहळू म्हणाल्या, "तांदूळ निवडाय चष्मा लावला तर लावला. पर लांबनं कोण येतंय, ते कळाय पायजे."

"मग लांबचं बसवा," मामा डॉक्टरीणबाईंना म्हणाले आणि उठले. ह्यात आनखी काय दाखवताय, असं त्यांनी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मामींच्या चपला बाहेर काढून ठेवायला सांगितल्या होत्या. मामांनी त्या पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन ते बाकावर बसून राहिले. मी चहा आणला, तो त्यांनी साखरेची चौकशी न करता प्यायला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा मी तिथं होतो. मामी डोळे किलकिले करून आधी खिडकीच्या पडद्याकडे बघत होत्या, मग नर्सकडे, मग मामांकडे. त्यांच्या छातीवर नजर जाताच मामींच्या कपाळाला आठी पडली. "पांढऱ्या शर्टाला हे निळं बटाण कुणी लावलंय?"

"तूच लावलंयस," मामा म्हणाले. "पांढरी संपली आसतील, म्हणलं."

"मग सांगायचं तरी."

मामांनी त्या बटणावर हात ठेवला. उभ्या आयुष्यात त्यांनी एकाच वस्तूतलं वैगुण्य बघून न बोलता चालवून घेतलं होतं, आणि बोलायचं नेमकं तिथंच होतं. तो शर्ट त्यांनी अजूनही तसाच ठेवला आहे. मामींनी बटण बदलते म्हटलं तर देत नाहीत.

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, औषधाचे थेंब संपले, आणि कारखान्याचं गाळप थांबायच्या सुमाराला आम्ही पुन्हा रफिकभाईंच्या दुकानात गेलो. रफिकभाईंनी मामींना डोळे कसे आहेत ते विचारलं. पेढे दिले. मामी या वेळी खुर्चीवर बसल्या नाहीत. त्या भिंतीपुढून एकट्याच फिरत होत्या, एकेका टीव्हीपाशी थांबत होत्या, आणि मामा दाराजवळ उभे होते. मामींनी अखेर बोट दाखवलं ते एका मध्यम आकाराच्या, साध्या क्यूएलईडीकडे. त्याच्यावर एका सुगीच्या शेताचं चित्र होतं, लख्ख उन्हातलं. त्या म्हणाल्या, "ह्यो. ह्यात उजेड लय हाय."

हा तोच टीव्ही होता, ज्याच्या झडपांच्या फटींवर मामांनी मला लिंबाखाली अर्धा तास ऐकवलं होतं. रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. मामा पुढे आले, टीव्हीच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं, मागं वाकून बघितलं. मामा ताठ झाले आणि म्हणाले, "बांधून द्या."

परवा मी भवानीनगरला गेलो होतो. दार उघडंच होतं. पश्चिमेचं ऊन बैठकीत थेट आत आलं होतं आणि टीव्ही चालू होता. मी अजून फाटकापाशीच होतो, तोवर आतून मामींचा आवाज आला, "जावयबापू आलं वाटतं. आवं, पाणी आणा." मामा पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि मला शेजारी बसवून घेतलं. त्यांची खुर्ची टीव्हीसमोर नव्हती, जरा तिरकी, मामींकडे तोंड करून होती. मालिकेत काहीतरी मोठा कलह चालला होता. मामी पुढे झुकून बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पडद्यावरचा उजेड हलत होता. मामा कुठल्याच रंगाबद्दल काही बोलत नव्हते. शेवटी मीच न राहवून विचारलं, "मामा, चित्र कसं आहे मग याचं?"

मामांनी टीव्हीकडे बघितलंच नाही.

"चांगलं दिसतंय म्हणती," ते म्हणाले.